वाहिनीवरची माती

बीदरच्या जांभ्यातून आणि कलबुर्गीकडच्या काळ्या रेगडीतून वायुवाहिनी नेणे म्हणजे दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या जमिनींशी जमवून घेणे होय. काकिनाडा ते भरूच ही ४८ इंच व्यासाची, सुमारे १,४०० किलोमीटरची आणि या भागातून जाणारी वाहिनी २००९ साली सुरू झाली. रेगड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि या ओढाताणीत नळीवरचे संरक्षक आवरण सुटले की आत ओल शिरून पोलादाला गंज धरतो, जो वरून दिसत नाही.

तो शोधण्यासाठी ‘पिग’ नावाचे यंत्र वायूच्याच दाबाने नळीतून पुढे सरकवले जाते. त्यावरील चुंबके नळीची भिंत चुंबकीय प्रवाहाने भरून टाकतात. धातू झिजलेल्या जागी तो प्रवाह गळतो आणि संवेदक त्याची नोंद घेतात. नळीच्या लांबीला समांतर असलेली बारीक चीर मात्र या प्रवाहाच्या दिशेतच पडत असल्याने बहुधा निसटते. तिच्यासाठी ध्वनिलहरी लागतात. पण नेहमीच्या ध्वनितपासणीला द्रव माध्यम हवे असल्याने वायुवाहिनीत ‘ईमॅट’, म्हणजे पोलादातच विद्युतचुंबकीय रीतीने ध्वनी उठवणारे साधन, वापरतात.

या तपासणीच्या अहवालातील गंभीर दोष पडताळण्यासाठी शेत खोदावे लागते, आणि सलतो तो हा भाग. १९६२ च्या वाहिनी कायद्यानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण वाहिनीच्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाडही लावता येत नाही, आणि या वापरहक्कापोटी बाजारभावाचे १० टक्के मिळतात. पीकनुकसानीची भरपाई निराळी. प्रस्तुत लेखकाने एका वाहिनीवर पाहिलेल्या खोदाईत वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात पडला, नळीला नवे आवरण चढले, खड्डा बुजला, पंचनाम्यात तुरीच्या ओळी मोजल्या गेल्या, आणि पुढच्या हंगामात नेमक्या तेवढ्याच चौकोनात तूर गुडघ्याएवढी राहिली. झिजेची खोली मिलिमीटरमध्ये लिहिणाऱ्या त्या कागदांत मातीच्या थराला रकानाच नव्हता. तुरीचे पैसे मिळाले. मुरूम वर आला त्याचे कोण देणार, या शेतकऱ्याच्या प्रश्नावर हजर अधिकाऱ्यांपैकी कोणी बोलले नाही, लेखकही नाही.

अशी खोदाई होऊच नये, असे लेखकाचे तेव्हा मत झाले होते. ते टिकणारे नव्हते, कारण २७ जून २०१४ रोजी आंध्रातील नगरम गावी वायुवाहिनी फुटून लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसे दगावली. खोदावे तर लागणारच. म्हणून या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी यंत्र शेतात उतरण्यापूर्वी काळ्या मातीची जाडी पंचनाम्यात लिहून घ्यावी, दोन ढीग वेगळे करवून घ्यावेत, आणि तोवर सही करू नये.