चोराचा च आणि चिमणीचा च

पुणे
१२ जून

चि. मुग्धा,


परदेशी प्रौढांच्या मराठी वर्गात सगळे एकाच देशाचे असे क्वचितच होते. पुण्यात पहिल्या बाकावर जर्मन संशोधक, शेजारी पदवीसाठी आलेला अफगाण तरुण, मागे जपानी आणि कोरियन विद्यार्थिनी, कडेला पोर्तुगीज बोलणारी मोझांबिकची मुलगी असा मेळ बसू शकतो. असा वर्ग शिकवण्यात काय आनंद आहे, हे बहुधा चुकीचे सांगितले जाते. परक्या तोंडून ‘नमस्कार’ ऐकल्याचे कौतुक पहिल्या आठवड्यातच ओसरते. पुढे वर्षानुवर्षे पुरते ते निराळेच. पाळण्यापासून बोलत आलेल्या भाषेचे नियम शिक्षकाला तिथे प्रथमच दिसू लागतात, आणि प्रत्येक विद्यार्थी आपापल्या मातृभाषेच्या खिडकीतून त्यातला वेगळा भाग दाखवतो.

आरंभ उच्चारांपासून होतो. ‘चोर’ आणि ‘चिमणी’ यांतले च वेगळे आहेत. मराठी माणूस दोन्ही अचूक उच्चारतो, पण अक्षर एकच असल्याने हा फरक त्याच्या ध्यानी आलेला नसतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लेखन सारखे, उच्चार दोन. ‘माझा’मधला झ ‘माझी’ म्हणताना बदलतो, कारण ई समोर आली की जीभ टाळूकडे सरकते. शब्दाच्या सुरुवातीचा चोराचा च इंग्रजी भाषकाला जड जातो. जर्मन विद्यार्थ्याला तो घरचाच, कारण जर्मनमध्ये ‘झेड’ या अक्षराचा उच्चारच ‘त्स’ आहे. जपानी विद्यार्थिनीला तर ‘त्सुनामी’ची आठवण करून दिली की काम झाले.

‘ताट’ आणि ‘थाट’ यांसाठी तोंडापुढे कागदाचा पातळ कपटा धरायचा. ‘थाट’ म्हणताना तो हलला पाहिजे, ‘ताट’ म्हणताना हलता कामा नये. फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांचे ‘ताट’ सुरेख होते आणि ‘थाट’ अडतो. थाई, कोरियन, चिनी भाषकांना श्वासाचा हा भेद मुळातच ठाऊक असतो. मात्र घ, ध, भ यांपाशी बहुतेक सगळ्यांनाच थांबावे लागते. ‘ट’ला अनेक जण घाबरतात, स्वीडिश विद्यार्थ्याने घाबरायचे कारण नाही, कारण त्या भाषेच्या बहुतेक बोलींत र आणि त शेजारी आले की जीभ आपोआप मूर्धेकडे वळते. ळ मात्र सरावाशिवाय येत नाही.

लिंगाचा धडा सगळ्यांत लांबतो. तो, ती, ते ही तीन लिंगे जर्मन आणि रशियन विद्यार्थ्यांना नवी नसतात, म्हणून ते आधी निर्धास्त असतात. मग सूर्य येतो. मराठीत तो पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, रशियनमध्ये नपुंसकलिंगी! ‘मूल’ मराठीत नपुंसकलिंगी, जर्मनमध्येही तसेच, तेव्हा जर्मन विद्यार्थ्याला तरी हायसे वाटते. फारसी आणि तुर्की बोलणाऱ्यांच्या भाषेत व्याकरणिक लिंग नाहीच, त्यांना सगळेच नव्याने शिकावे लागते. या धड्यात हमखास प्रश्न येतो: बस ‘ती’, ट्रक ‘तो’ आणि तिकीट ‘ते’, हे कोणी ठरवले? ‘दोर–दोरी’, ‘सुरा–सुरी’ या जोड्यांत मोठ्याला पुल्लिंग आणि लहानाला स्त्रीलिंग हे तत्त्व सांगता येते, पण बसला ते लागू होत नाही. अशा वेळी कारण माहीत नसल्याचे शिक्षकाने सरळ कबूल करावे. वर्गाचा विश्वास त्याने वाढतो.

खरी मेजवानी क्रियापदाची. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’: खाणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद पाहते ते खाल्लेल्या पदार्थाकडे. हिंदी शिकून आलेला विद्यार्थी ‘मैंने’च्या धर्तीवर ‘मीने’ म्हणतो. ‘तो’ला ने लागतो आणि ‘मी’ला लागत नाही, हे त्याला दोनदा सांगावे लागते. पुढची पायरी आणखी मजेची. ‘तू पोळी खाल्लीस’ यात ‘ली’ पोळीची आणि ‘स’ तुझा. एकाच क्रियापदात कर्माचा आणि कर्त्याचा असे दोन्ही हिशेब आहेत. शाळेत कर्मणी प्रयोग पाठ केलेल्या मराठी माणसालाही हे सहसा जाणवलेले नसते. वर्गात या धड्याला सगळे गोंधळतात, पश्तो बोलणारा अफगाण विद्यार्थी तेवढा शांत असतो. पश्तोतही भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते. त्या दिवशी तो फळ्यापाशी येऊन इतरांना समजावू लागतो. शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असे तास फार नसतात.

‘मला आवडतं’, ‘मला थंडी वाजते’ या वाक्यांत ‘मी’ का नाही, हे इंग्रजी भाषकाला कळत नाही. रशियन विद्यार्थिनीला कळते, कारण तिच्याही भाषेत आवड आणि थंडी ‘मला’ होते. ‘आम्ही सिनेमाला जाणार आहोत’ आणि ‘आपण सिनेमाला जाऊ’ यांतला भेद त्याहून सूक्ष्म. पहिल्या वाक्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो सामील होतो. युरोपीय विद्यार्थी महिनोन्‌महिने आमंत्रण देताना ‘आम्ही’ म्हणतात आणि पाहुणा घरीच राहतो. इंडोनेशियन विद्यार्थ्याला हा भेद एका वाक्यात समजतो, कारण त्याच्या भाषेत ‘कामी’ आणि ‘किता’ असे दोन स्वतंत्र शब्द नेमक्या याच कामासाठी आहेत.

शब्दसंग्रहाच्या तासाला वर्गाचे नाते घट्ट होते. बाजार, दरवाजा, कागद, हजार हे शब्द फारसी येणाऱ्याला आयते मिळतात. ‘खूप’ मात्र फसवतो, कारण त्याच्याकडे ‘खूब’ म्हणजे चांगले. पोर्तुगीज बोलणारी मुलगी पाव, बटाटा, चावी आणि पगार फळ्यावर पाहून चकित होते. हापूस हे नावही तिच्याच भाषेतल्या ‘अफोन्सो’वरून आले आहे. जपानी विद्यार्थिनीच्या वाट्याला ‘रिक्षा’ येते. आपल्या घरातला एखादा शब्द मराठीत सापडला की विद्यार्थी ती भाषा परकी मानेनासा होतो.

तू, तुम्ही, आपण यांची उतरंड फ्रेंच किंवा जर्मन विद्यार्थ्याला ओळखीची वाटते. पण मराठीत आईला ‘तू’ म्हणतात, देवालाही ‘तू’च. वडीलधाऱ्यांशी आदरार्थी क्रियापद वापरणाऱ्या कोरियन मुलीला ‘आजी, तू जेवलीस का?’ हे वाक्य तोंडातून काढणे अवघड जाते. ‘जेवलात का?’ ही विचारपूस मात्र तिला आणि चिनी विद्यार्थ्याला लगेच कळते. त्यांच्याकडेही भेटल्यावर जेवणाचीच चौकशी होते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, हे सांगितल्यावर जपानी विद्यार्थिनी मान हलवते. घरातून निघताना तिच्याकडेही ‘जाऊन येते’ अशाच अर्थाचे शब्द म्हणतात.

वर्गाबाहेरचा अनुभव इतका गोड नसतो. विद्यार्थी मंडईत धीर करून ‘अर्धा किलो भेंडी द्या’ म्हणतो आणि उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत येते. हे सौजन्यापोटी होते, पण त्याने आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. विद्यार्थ्याला एखाद्या आजी असलेल्या घरी जेवायला पाठवणे हा त्यावर सर्वांत चांगला उपाय. आजी समोरच्याचा देश बघून भाषा बदलत नाहीत.

अशा विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, प्रौढपणी भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. आज जुना शब्द अडला की मराठी माणूसही तोच कोश उघडतो. त्या कामात त्यांच्यासोबत ब्राह्मण पंडित होते. हा शब्द कुठे वापरतात, कोण वापरतो, याच्यापेक्षा तो कसा वेगळा, असे प्रश्न रोज अंगावर घेणारे हे पंडित आजच्या शिक्षकाचे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

अलीकडचे उदाहरण फलटणचे. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन मराठीच्या अभ्यासासाठी तिथे आल्या, रमल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. जाई निंबकरांसोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण लिहिले. पुढे त्यांनी फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि तिथल्या मुलांना मराठी वाचायला आणि लिहायला शिकवण्याचे काम हाती घेतले.

तुझी,
मंदामावशी