सर्वांत आखूड फळी

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर एका रात्री पुतणीचा दूरध्वनी आला. "काका, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. मला एक अर्ज लिहून द्या. अर्धेच पान हवे, आणि त्यात अलंकार नकोत." तीस वर्षे अलंकार शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या जिव्हारी लागावी अशीच ही अट, पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून आम्ही मुकाट्याने कागद पुढे ओढला.

ती मृदाशास्त्रात संशोधन करते. विषय, मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतले जस्त आणि त्यावर येणारे सोयाबीन. जस्त जमिनीत असते. पण अशा विम्लधर्मी मातीत ते असे काही अडकून बसते, की मुळांना मिळत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी तिला एक अधिछात्रवृत्ती मिळाली आहे. 'फेलोशिप'ला शासकीय मराठीने दिलेले हे नाव. 'छात्र'च्या आधी लागलेल्या त्या 'अधि'ची आम्हांला पूर्वी गंमत वाटे. आता वाटते, शब्द अगदी नेमका आहे: विद्यार्थ्याच्या बाकावरून उठलेला, पण बसायला खुर्ची न मिळालेला तो अधिछात्र.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिके पाण्याखाली गेली, त्यांत तिचे प्रयोगाचे वाफेही गेले. शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच कोंब फुटले. २०२४ च्या खरिपाची आकडेवारी हाती होती. परंतु एका हंगामाचा निष्कर्ष हा खताचा परिणाम की त्या वर्षीच्या पावसाचा, हे एकट्या हंगामावरून सांगता येत नाही. तिला आणखी एक खरीप हवा होता, आणि अधिछात्रवृत्तीची मुदत मार्चअखेर संपत होती.

आम्ही पहिला मसुदा मोठ्या उमेदीने लिहिला. त्यात निसर्गाचे रौद्र रूप होते, बळीराजा होता, काळी आई तर होतीच. तिने तो वाचला आणि म्हणाली, "काका, हे वाचून ते हळहळतील. मला हळहळ नको, खरीप हवा." मग तिने सांगितले ते आम्ही उतरवून घेतले: पेरणीची तारीख, वाफ्यांची संख्या, किती वाफे किती दिवस पाण्यात होते, कोणते नमुने शिल्लक आहेत. अर्धे पान भरले. वर आमच्याकडून एकही विशेषण लागले नाही.

माती हा शब्द आम्ही वर्गात आणि लेखांत किती वेळा वापरला असेल! मातीचा वास, मातीशी नाते, मातीतले शब्द. त्या माणसाने मातीचा नमुना घेताना प्रथम पाहिला तो २०२५ च्या मे महिन्यात, तिच्याच शेतावर. तिने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेतला, त्याच्या कडेची पातळ चकती काढली. मदत म्हणून आम्ही बांधावरची लोखंडी बादली पुढे केली, तर ती ओरडलीच. बादलीला जस्ताचा मुलामा होता! एक किलो मातीत पिकाला मिळण्याजोगे जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी असेल, तर ती जमीन जस्ताच्या बाबतीत उणी मानतात. एवढ्याशा मोजमापात आमच्या बादलीने केवढा गोंधळ घातला असता! पुढे माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले, आणि पुरेशी उरेपर्यंत हेच. पाठभेद ताडून पाहणाऱ्या संपादकाची चिकाटी आम्हांला त्या उन्हात दिसली.

तरुणपणी आम्हांलाही हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी वृत्ती मिळाली होती. तीही उशिराच येई. पण एक फरक होता. पैसे दोन महिने लांबले, तरी पोथी कपाटात शाबूत असे आणि पुढच्या महिन्यात तेच सांगे. शेत तसे थांबत नाही. खुरपणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते. पुतणीने ती दोनदा उसनवारी करून दिली, हे आम्हांला अर्ज लिहिताना कळले.

ज्याच्या नावाने ही पोषणद्रव्यांची विद्या ओळखली जाते, तो युस्टुस फॉन लीबिग हाही एके काळी असाच वृत्तीवर जगलेला तरुण होता. १८२२ साली हेसच्या ग्रँड ड्यूकने दिलेल्या पैशावर तो पॅरिसला शिकायला गेला. १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गीसनला प्राध्यापक झाला. आणि शेतीला रसायनशास्त्राची जोड देणारा त्याचा गाजलेला ग्रंथ आला १८४० साली. देणगी आणि पीक यांत अठरा वर्षांचे अंतर! पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर अडते, हा नियम लीबिगच्या नावावर रूढ आहे, जरी कार्ल श्प्रेंगेलने तो त्याच्या आधी मांडला होता. पुढे त्याला लाकडी पिंपाची उपमा मिळाली. पिंपात पाणी राहते ते सर्वांत आखूड फळीच्या उंचीइतके; बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत.

लीबिगकडे शिकलेला गिल्बर्ट इंग्लंडमध्ये रॉथॅम्स्टेडला लॉजबरोबर १८४३ पासून पुढे सत्तावन्न वर्षे राबला. तिथल्या ब्रॉडबॉक शेतातला त्यांचा गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. आपल्याकडेही दीर्घकालीन खत प्रयोगांची अखिल भारतीय योजना १९७० साली सुरू झाली. माती वर्षांत नव्हे, पिढ्यांत उत्तर देते, हे जाणणाऱ्यांची ही कामे. अधिछात्र अशा लांब वाक्यातला एखादा शब्द असतो; पण तो मध्येच गळला तर वाक्याचा अर्थ लागत नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार केली, हे योग्यच झाले. पण ती एक फळी उंच झाली. पुतणीच्या पिंपातली आखूड फळी दुसरीच होती: रक्कम वेळेवर येणे, आणि मुदतीचे गणित आर्थिक वर्षाऐवजी हंगामाशी जुळणे. मार्चअखेर संपणाऱ्या कागदाला जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरमधली काढणी दिसतच नाही. ती फळी तोकडी असेल, तर बाकीच्या फळ्यांचा उपयोग काय?

असो. अर्जाला उत्तर आले. मागितले होते आठ महिने. मंजूर झाले तीन. म्हणजे जूनअखेरपर्यंत. पेरणीपुरती मुदत मिळाली, काढणीपुरती नाही. आम्हांला संताप आला, आणि संतापाबरोबर दोनचार जळजळीत वाक्येही सुचली. ती आम्ही तिला ऐकवली.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी पेरणार आहे, काका. तुम्ही दुसरा अर्ज लिहायला घ्या. अर्धेच पान."