वेगाला मैदान हवं

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की तो वेगासाठी नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड आणि लोकांची अंगणं. समोरून पर्यटकांची गाडी आली की दोघांपैकी एकाला कडेला थांबावंच लागतं. तरीही मगरिबनंतर याच रस्त्याच्या दिशेने मोटारसायकलींचा आवाज जाऊ लागतो. तो ऐकला की आमच्या आपाचा तसबीहवरचा हात थांबायचा, कारण त्या आवाजात तिचा मुलगा असायचा.

भाचा बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतात पहिल्यांदाच मोटोजीपीची शर्यत झाली, ती त्याने मोबाईलवर तीनही दिवस पाहिली. तेव्हापासून एकच ध्यास. रविवारी सकाळी मित्रांबरोबर कातळाच्या सड्यावर जाऊन गाडी पळवायची, आणि सड्यावर जाता-येता रस्त्यावरही. मग एके दिवशी वस्तीतल्या एका मुलाचा जनाजा उठला. वय एकोणीस. वळणावर गाडी घसरली आणि तो जांभ्याच्या गडग्यावर आदळला. त्याचं हेल्मेट घरी खुंटीला होतं.

दुल्हेभाई कुवेतला असतात. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “गाडी विकून टाका.” भाच्याने उलट उत्तर दिलं नाही. रात्री आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, “मामू, मी रस्त्यावर पळवतो, कारण दुसरी जागाच नाही. एकदा खऱ्या ट्रॅकवर जाऊ द्या. मग अब्बा म्हणतील तसं.” गॅरेजच्या पगारातून त्याने पैसे साठवले होते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर शनिवार-रविवारची तालीम होती. गाडी आणि चामड्याचा सूट तिथेच भाड्याने मिळणार होता. आपा म्हणाली, “जायचं तर मीही येणार.” असे आम्ही तिघे निघालो.

सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून बेळगाव, तिथून रात्रीच्या रेल्वेने बंगळूर आणि पुढे बस. बेळगावजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे हुबळी, बंगळूर करत चेन्नईला जातो, आणि त्याच महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई गाव आहे. तिथेच तो ट्रॅक. भाचा बसच्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, “म्हणजे मामू, आंबोली चढली की रस्ता सरळ इथेच येतो.”

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. त्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या धावपट्टीवर होत. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी पुढे ओस पडली होती. नवा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. रस्त्यापेक्षा कितीतरी रुंद, पण त्यावर दुभाजक नाही, खांब नाही, झाड नाही, समोरून येणारं वाहन नाही. सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली, म्हणजे पडणारा घसरत जाईल, आदळणार नाही.

शनिवारी सकाळी आम्हाला वाटलं होतं, मुलं आली की गाड्या सुटतील. पण आधी तपासणी. टायर, ब्रेक, साखळी पाहिली गेली. गाड्यांचे आरसे काढलेले, दिव्यांवर चिकटपट्टी, कारण गाडी पडलीच तर ट्रॅकवर काच पसरू नये. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारंच हवं. हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, पाठीच्या कण्याला आधार देणारं कवच. यातलं एक नसलं तरी ट्रॅकवर प्रवेश नाही. आणि नंतर चक्क वर्ग. फळा, खडू, प्रश्नोत्तरं. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या आम्हाला मागच्या बाकावर बसायला मजा वाटली.

पहिला धडा झेंड्यांचा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कुणालाही ओलांडायचं नाही. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा जलद चालक येतो आहे. वळणावळणावर झेंडे घेऊन माणसं उभी, रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून तयार. दुसरा धडा वळणाचा. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. बाहेरून आत यायचं, पुन्हा बाहेर जायचं. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचं आहे तिथे. आणि उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची, मग गाडी उजवीकडे झुकते. गॅरेजमध्ये शेकडो गाड्या उघडलेल्या आमच्या भाच्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सर्वांत मोठा धक्का पुढे होता. पहिल्या फेऱ्यांत एकच गिअर, ब्रेकला हात लावायचा नाही. ज्याने स्वप्नात ताशी दोनशेचा काटा पाहिला होता, तो हळूहळू फिरत होता. कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्याला प्रत्येक फेरीत मागे टाकून जाई. आपा मात्र भिंतीकडे पाठ करून बसली होती. ती फक्त आवाज मोजत होती.

दुपारी इंजिनं थांबली. सूट उतरवून वुजू करण्यातच भाच्याचा बराच वेळ गेला. शेडच्या मागे चटई टाकून मुसाफिर म्हणून आम्ही जुहर आणि असर एकत्र, कस्र अदा केल्या. परत आलो आणि तासाभरात एक चालक वळणावर घसरला. लाल झेंडा फडकला. सगळे मंदावले. तो धुळीत लोळत गेला, उठला, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. आता आपा उठून कठड्यापाशी आली होती. बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आपल्याकडे इथे गडगा असता.”

रात्री लॉजवर भाचा गप्प होता. त्या मुलीचं मागे टाकणं त्याला लागलं होतं. तेव्हा आम्ही त्याला सहीह बुखारीतली हकिगत सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ‘अझ्बा’ नावाची उंटीण कधी हरत नसे. एकदा एक बदू आपल्या उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना वाईट वाटलं. प्रेषितांनी (स.) समजावलं की दुनियेत जे उंच होतं, त्याला अल्लाह खालीही आणतो. आणि हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर ते स्वतः धावण्याची शर्यत लावत, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले. हरण्यात कमीपणा कसला?

दुसरी हकिगत आम्हाला स्वतःलाच त्या दिवशी नव्याने कळली. प्रेषितांनी (स.) मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या. तालीम दिलेल्या घोड्यांसाठी हफियापासून सनिय्यतुल विदापर्यंतचं पाच-सहा मैलांचं अंतर, आणि तालीम न दिलेल्यांसाठी तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचं केवळ एक मैल. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) त्यात धावले होते. म्हणजे वेगाला मनाई नव्हती. पण सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि ज्याची जितकी तयारी तितकंच अंतर. बाजारात गर्दीत घोडा पिटाळण्याला कुणी शर्यत म्हटलं नाही. शरीर अल्लाहची अमानत आहे. आपलंही आणि रस्त्याने चालणाऱ्या माणसाचंही.

रविवारी भाच्याची चाल बदलली. खांदे सैल, वळणं गुळगुळीत. आपा सकाळपासून कठड्याशी उभी होती आणि दुपारपर्यंत दुरूनच त्याची गाडी ओळखू लागली. शेवटच्या फेरीनंतर घामाने निथळत तो आला आणि म्हणाला, “मामू, मी आजवर गाडी चालवायला शिकलोच नव्हतो. फक्त मूठ पिळायला शिकलो होतो.”

परत आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. दुल्हेभाईंचा राग अजून पुरता गेलेला नाही. गाडी विकलेली नाही, पण तिची चावी रात्री आपाकडे असते. भाचा पुढच्या तालमीसाठी पुन्हा पैसे साठवतो आहे. गॅरेजवर येणाऱ्या मुलांना तो आता हिशेब करून दाखवतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोन सेकंद मोबाईलकडे पाहिलं की ३४ मीटर डोळे मिटून गेलात. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. मुलं हसतात, पण ऐकतात.

आई-वडिलांनीही एक हिशेब लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या हट्टापायी चावी देणं म्हणजे लाड नव्हेत. आणि मुलांना नुसतं “करू नको” म्हणूनही भागत नाही. आपला जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला. मग कुठल्या तरी सड्यावर झेंडे, रुग्णवाहिका आणि शिकवणारा माणूस असलेलं लहानसं बंद मैदान का होऊ नये? ते मागायला हवं, आणि मागणाऱ्यांत आपण पालक पुढे हवे.

परतल्यानंतर आठवड्याने मगरिबची नमाज झाली आणि देवबागच्या दिशेने पुन्हा तोच आवाज गेला. आपाचा हात सवयीने थांबला. भाचा समोर बसून भात-सालन जेवत होता. आवाज दूर गेला. आपाने तसबीहचा मणी पुढे सरकवला आणि हळूच म्हणाली, “हा कुणाचा असेल?” भाच्याने ताट बाजूला केलं, हात धुतला आणि त्या मुलांना गाठायला पायीच बाहेर पडला.