जोडकार्बोरेटरची जुळणी

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या दोन आसनी मोटारीच्या १७९८ सीसी इंजिनावर बहुधा एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर शेजारीशेजारी बसवलेले असतात, आणि घरच्या गॅरेजात त्यांची जुळणी करू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की मिश्रण अचूक करण्याआधी ते दोघे सारखे चालणे आवश्यक आहे.

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. सिलिंडर चार असले तरी हेडमध्ये मिश्रण आत जाण्याच्या वाटा दोनच असून, पुढच्या दोन सिलिंडरांची एक आणि मागच्या दोघांची एक, अशी ही वाटणी असते. शिवाय सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटत असल्याने प्रत्येक कार्बोरेटरवर लागोपाठ दोन वेळा ओढ येते आणि मग तितकाच काळ तो मोकळा राहतो. एमजीबीच्या मॅनिफोल्डमध्ये दोन्ही बाजूंना जोडणारी एक नळीही असते, त्यामुळे एका कार्बोरेटरमधील बिघाड दुसऱ्याच्या सिलिंडरांपर्यंत अंशतः पोहोचतो आणि दोष नेमका कोणाचा हे ओळखणे कठीण होते.

एसयूचे मूळ संशोधन स्किनर बंधूंचे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, आणि त्यातील विचार आजही थक्क करणारा आहे. इतर अनेक कार्बोरेटरांत हवेच्या वाटेचा आकार ठरलेला असून वेगवेगळ्या गतींसाठी वेगवेगळी जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक छिद्रे, ठेवलेली असतात. एसयूमध्ये मात्र जेट एकच असते आणि हवेची वाटच लहानमोठी होते. इंजिनाची ओढ वाढली की वरच्या घुमटातील पिस्टन उचलला जातो, त्याच्या तळाला बसवलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवा वाढेल त्या प्रमाणात पेट्रोलची वाटही रुंदावते. पिस्टनच्या पोकळ दांड्यात ओतलेले पातळ तेल त्याला एकदम वर उसळू देत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर मिश्रणात पेट्रोल अधिक येते आणि गाडी अडखळत नाही. हे तेल संपलेले असताना सुईला किंवा जेटला दोष देणे अन्यायाचे ठरते.

म्हणूनच कार्बोरेटरला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. टॅपेटची फट, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट, प्लग आणि इग्निशनचे टायमिंग ठीक नसेल तर मिश्रणात केलेला बदल खरा दोष केवळ झाकून टाकतो. थ्रॉटलची झडप ज्या आडव्या दांड्यावर फिरते तो दांडा झिजला असेल तर त्याच्या कडेने चोरटी हवा आत शिरते, आणि मग कितीही कौशल्य असले तरी आयडलिंग स्थिर होत नाही; अशा वेळी जुळणीचा हट्ट सोडून दांडा आणि त्याच्या बुशी बदलणे हाच प्रामाणिक मार्ग होय. पिस्टन हाताने उचलून सोडल्यावर तो अडखळता खाली येऊन टक् असा स्पष्ट आवाज करत टेकतो की नाही, हेही आधीच पाहावे, कारण तो आवाज नसेल तर सुई जेटच्या मध्यभागी नसून कडेला घासत असण्याचा संभव असतो.

इंजिन पुरते तापल्यावर दोन्ही थ्रॉटलांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करून प्रत्येकाला स्वतंत्र करतात आणि एअर फिल्टर काढून रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात. नळीतून हवेचा सूं असा आवाज ऐकू येतो. एकाच आवाजावरून किती हवा आत जाते हे सांगणे कानाला शक्य नसते, पण दोन आवाजांत मोठा कोणता हे तो चटकन सांगतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा एकमेकींशी मिळवताना कान हेच काम करतो. नळी प्रत्येक वेळी तितक्याच अंतरावर आणि तोंडाच्या त्याच बाजूला धरली मात्र पाहिजे, अन्यथा तुलना फसवी ठरते. हवेचा प्रवाह मोजणारी उपकरणे मिळतात व उपयोगीही पडतात, तरी शिकणाऱ्याने नळीपासूनच सुरुवात करावी, कारण आकडा फरक दाखवतो, पण ऐकण्याची सवय इंजिनाच्या एकूण चालण्याकडे लक्ष वळवते.

हवा सारखी झाली की मिश्रण पाहायचे. सुरुवातीच्या एचएस-४ प्रकारात जेटखाली एक षट्कोनी नट असतो. तो खाली फिरवला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोलबहुल, आणि वर फिरवला की लीन, म्हणजे हवाबहुल होते, आणि एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, फिरवणे इष्ट. कार्बोरेटरच्या बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उचलला असता इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण रिच, ताबडतोब उतरली तर लीन, आणि किंचित वाढून पुन्हा जागेवर आली तर ते योग्य समजावे. सायलेन्सरचा आवाजही साक्ष देतो: ठरावीक लयीत मिसिंग आणि काळसर धूर हे रिचचे लक्षण, तर अनियमित, फुटक्या आवाजाचे मिसिंग लीनचे.

एकाचे मिश्रण बदलले की दुसऱ्याची चाचणीही वेगळे उत्तर देऊ लागते आणि आयडलिंगची गतीही हलते, म्हणून हवेचा समतोल पुन्हा पाहावा लागतो. पेट्रोलचाही विचार आता अपरिहार्य आहे: ब्रिटनमध्ये २०२१पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वसाधारण झाले, आणि इथेनॉलला जळण्यासाठी कमी हवा लागत असल्याने जुन्या पुस्तकातील मापावर ठेवलेले मिश्रण त्या पेट्रोलवर काहीसे लीन ठरते.

शेवटी क्लॅम्प आवळताना दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडतील याची काळजी घ्यायची असते, कारण आयडलिंगला साधलेला समतोल ॲक्सिलरेटर दाबताच मोडू शकतो. यासाठी इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर धरून नळी पुन्हा दोन्ही तोंडांशी लावावी आणि फरक ऐकू आला तर क्लॅम्प परत सैल करावा.