एका घरात दोन चुली

मागच्या आठवड्यात शेजारच्या टीममधला एक मित्र जागेवर येऊन म्हणाला, "अरे, तुझ्या फंक्शनने माझा अख्खा प्रोग्रॅमच बंद पाडला!"

मी म्हटलं, माझं कुठलं फंक्शन? मी तर कमांड लाइनवर चालवायचं एक छोटं टूल लिहिलंय. सीएसव्ही फाइल द्या, साफ करून घ्या, विषय संपला. पण टूल पायथॉनमधलं. साहेबांनी ते सरळ इम्पोर्ट केलं होतं, रात्रीच्या जॉबमध्ये. फाइल रिकामी निघाली की माझा कोड "फाइल रिकामी" असं छापून एक्झिट(०) करतो. टर्मिनलवर बसलेल्या माणसासाठी हे अगदी बरोबर आहे. त्याच्याकडे मात्र चारशे फाइलींचा लूप होता. त्याने ट्राय-एक्सेप्ट लावलं होतं हो, पण पायथॉनचा सिस्टिमएक्झिट हा एक्सेप्शन क्लासच्या कुळातला नाही, त्यामुळे तो जाळीतून निसटतो. क्रॉनला शून्य दिसलं, म्हणजे सगळं उत्तम. तीन रात्री अर्ध्या फाइली तशाच पडून राहिल्या आणि मीटिंगमध्ये बोलणी त्याने खाल्ली. मी तिथेच बसलो होतो. गप्प.

"इम्पोर्ट कर असं मी सांगितलं होतं का?" हे उत्तर जिभेवर होतं. नियमाने ते खरंही आहे. पिपवाले अनेक वर्षं हेच सांगत होते, की आमची कमांड वापरा, आतला कोड वापरू नका. तरी लोक सेटअप फाइलीत पिपमधलं पार्स_रिक्वायरमेंट्स ओढून घ्यायचेच. २०१८ मध्ये पिप १० आलं, आतलं सगळं "_इंटर्नल" या नावाखाली गेलं आणि कितीतरी लोकांची इन्स्टॉलेशनं कोसळली. चूक वापरणाऱ्यांचीच. पण एवढे लोक मागच्या दाराने येतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं, हेही खरंच की.

उलट डॅनियल स्टेनबर्गचं कर्ल बघा. कमांड आधी आली, १९९८ मध्ये. २००० मध्ये लिबकर्ल वेगळी केली आणि कमांड तिचीच एक गिऱ्हाईक झाली. नवी सोय आली की जुन्या फंक्शनला हात लावायचा नाही, सेटऑप्टला एक नवा पर्याय जोडायचा. २००६ पासून त्यांनी एबीआय मोडलेला नाही. मला तर सहा महिन्यांपूर्वीचा माझाच कोड मोडावासा वाटतो :-)

असो. शनिवारी बसून दोन चुली वेगळ्या केल्या. आतल्या फंक्शनने छापायचं नाही, एक्झिट करायचं नाही, अडचण आली तर एक्सेप्शन फेकायचं. छापणं आणि एक्झिट कोड फक्त मेनमध्ये. काम दोन तासांचं. नावं ठरवायला मात्र दिवस गेला, कारण लायब्ररीतलं नाव एकदा दिलं की बारशानंतर बदलता येत नाही.

सोमवारी मित्राला मोठ्या उत्साहाने दाखवलं. म्हणाला, "छान आहे रे, पण मी आता तुझी कमांडच वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. ती ओळ छापते ना, 'फाइल रीकामी', तीच शोधतो."

रीकामी! दीर्घ री! छापताना माझ्याकडून झालेली चूक, आणि त्याचा जॉब आता तिच्यावर चालतो. म्हटलं, राहू दे.