वाळायला उसंत

सिएटलला वर्षाकाठी साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. माझ्या रत्नागिरीत त्याच्या तिपटीहून जास्त. इथल्या भुरभुरीला पाऊस म्हणणं मला सुरुवातीला जडच जायचं. पण लाकडाचा हिशेब वेगळा असतो. कोकणात चार महिने झोडपलेल्या लाकडाला पुढे वाळायला भरपूर ऊन मिळतं. इथे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत थोडा थोडा, पण उसंत न देता पडत राहतो. लाकूड भिजल्याने कुजत नाही, ओलं राहिल्याने कुजतं.

आमचा डेक म्हणजे चारशे चौरस फुटांची प्लायवूडची गच्ची आणि तिच्याखाली आईची खोली. आईला दमा आहे. छताला ओल धरून बुरशी आली, तर थेट तिच्या श्वासाशी गाठ. त्यामुळे जुना थर सुटायला लागला तेव्हा नवा कोणता द्यायचा, हा नुसता रंगाचा प्रश्न नव्हता.

पर्याय तीन होते. होड्यांना करतात तसं काचतंतूंचं कापड इपॉक्सीत बसवणं: सगळ्यात कणखर, पण इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून रंग लागतोच, शिवाय सांध्यावर प्लायवूड हललं की कडक थराला तडा जाऊ शकतो. दुसरा, पीव्हीसीची अखंड जाड चादर: टिकते छान, पण खाली पाणी शिरलं तर वरून पत्ता लागत नाही. तिसरा, पॉलियुरेथेनचा लवचिक लेप: लाकडाबरोबर ताणतो, मात्र वरचा थर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

एका विक्रेत्याने २५ वर्षांची हमी पुढे केली. तो गेल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पंचवीस वर्षं वर बघायचंच नाही होय रे? आपण तर दर पावसाआधी घर शाकारायचो."

शाकारणीत कौलं फुटणार हे धरूनच चालतात. उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची. मी तिसरा पर्याय घेतला, कारण बिघाड दिसेल आणि तेवढाच भाग मला दुरुस्त करता येईल.

ऑगस्टपर्यंत थांबलो. ओलावा मोजायच्या यंत्रावर प्लायवूड १५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच डबा उघडला. प्लायवूड पाणी पितं ते मुख्यतः कडांनी, म्हणून आधी कडा आणि सांधे. सांध्यांवर कापडाची पट्टी, भिंतीलगत पत्र्याची. फुटामागे पाव इंच उतार सुतारानेच काढून दिला होता. पाणी साचून राहिलं तर कुठलाच लेप फार काळ पुरत नाही.

आता दर ऑगस्टला मी गुडघ्यांवर बसून कोपरे तपासतो. दिनदर्शिकेत त्या तारखेपुढे आईने लिहून ठेवलंय: शाकारणी.