टायरॉड आणि अनडू

मागच्या महिन्यात मोआबच्या एका दगडावर आमच्या जुन्या फोर बाय फोरचा टायरॉड आपटला आणि केळ्यासारखा वाकला. पुढची चाकं एकमेकांकडे तिरकी बघायला लागली!

तयार किट मिळतं हो. पण इंजिनिअर ना आम्ही, सगळं स्वतः करायचं. सव्वा इंची, जाड डीओएम नळी आणली. आतलं भोक १३/१६ इंच, त्यात ७/८-१८ चे आटे पाडले, एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे. म्हणजे नळी जागेवर फिरवली की लांबी कमीजास्त होते आणि चाकं सरळ करता येतात. उलट्या आट्यांचा टॅप नळीपेक्षा महाग पडला :-( आट्यांच्या तयार बुशी वेल्ड केल्या असत्या तर हा खर्च वाचला असता, पण माझं वेल्डिंग मी पाहिलंय, आणि मागच्या सीटवर लेक बसते.

खरी भीती रीमरची. ट्रकचे जाड टायरॉड एंड नकलच्या मूळ भोकात मावत नाहीत. फुटाला दीड इंच उतार असलेल्या रीमरने ते मोठं करायचं. जरा जास्त कापलं की नकल भंगारात. इथे कंट्रोल-झेड नाही, राजे! थोडं कापा, पुसा, एंड घालून बघा, परत कापा... एका भोकाला तास गेला. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक बरोबर खाचेत आलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

काल पहिली चक्कर मारली. एकट्यानेच. लेकीची सीट आधीच काढून ठेवली होती.